बांडीची करडं आणि त्यांच्या पोटातली वस्ती : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

मामाकडे अडवली-भुतवलीला जाऊन आले. गोठ्यात लहानमोठी मिळून तेवीस जनावरं आहेत. बहुतेक गावठी शेळ्या, दोन उस्मानाबादी वळणाच्या. सकाळी नऊला सुटतात, गावामागच्या पारसिक डोंगराच्या उतारावर आणि एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटांवर चरतात, चारला परत येतात.

गेल्या वर्षी दूध तुटायच्या दिवसांत मामाची चार करडं गेली. हगवण लागली आणि तीन दिवसांत आडवी झाली. मी ठाण्यात कॉलेजच्या मुलांना मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकलं शिकवते. रोज प्लेटा ओतते, जिवाणू मोजते. पण मामाने विचारलं, "त्यांच्या पोटात झालं तरी काय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ते तेव्हापासून मनात सलतंय. म्हणून हे काम काढलं आहे: शेळी करडापासून म्हातारी होईपर्यंत तिच्या पोटातले जिवाणू कसे बदलतात, ते या एका गोठ्यापुरतं नीट बघायचं. कुणाला आपल्या गावात हेच करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून चुकांसकट लिहून ठेवते.

ठरवलं ते असं. वय दातांवरून धरायचं. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालचे आठ बघायचे. सगळे दुधाचे असले तर आदत, मधली जोडी बदलली की दोन दाती, आठही बदलले की जुळलेली. एका रविवारी सगळ्या वयांचे नमुने घ्यायचे आणि एकमेकांशी ताडून बघायचे. महिनाभरात उरकेल असा अंदाज आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

मामाची बांडी शेळी काल पहाटे व्याली. जुळं, एक पाठ (मादी करडू) आणि एक बोकड. नोंदवहीत ब-१ आणि ब-२.

करडाची पहिली विष्ठा काळी आणि डिंकासारखी चिकट असते, तिचा नमुना बोटाने घेता येत नाही. निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेला बारीक स्वॅब गुदद्वारात जेमतेम एक सेंटिमीटर घालून फिरवला. मामी करडू मांडीवर धरून बसली होती. करडाचं अंग कापत होतं, मामीचा हात मात्र स्थिर होता. दोन्ही स्वॅब बर्फाच्या डब्यात, घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, लॅबमध्ये पोचायला एक तास दहा मिनिटं.

१६ फेब्रुवारी, रविवार

करडांचे सातव्या दिवसाचे नमुने कालच घेतले. आज मोठ्या शेळ्या.

सकाळी सात वाजता गोठ्यात गेले आणि जमिनीवरच्या ताज्या दिसणाऱ्या लेंड्या चिमट्याने उचलल्या. बारा पिशव्या, त्यांवर बारा शेळ्यांची नावं. मामा बघत होता. म्हणाला, "ही चांदीची कशावरून? रात्रभर सगळ्या एकत्र बसतात." बरोबर बोलला. सगळ्या पिशव्या टाकून दिल्या.

दुपारी पुन्हा, या वेळी थेट आतून. हातमोजा, बोटाला थोडं द्रव पॅराफिन, शेळीची मान भिंतीशी. मोठी शेळी फारसा विरोध करत नाही, शेपटी वर घेते आणि चार-पाच लेंड्या हातात येतात. एकीला तीन मिनिटं. जमिनीवरचा एक नमुना मुद्दाम ठेवला होता, तो शेजारी लावून बघितला. त्याच्या प्लेटवर मातीतले पसरट, सुरकुतलेले जिवाणू आणि बुरशी इतकी वाढली की मोजायचं काही उरलं नाही. यापुढे जमिनीवरची लेंडी बंद.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहिले आकडे. एक ग्रॅम नमुना नऊ मिलिलिटर सलाइनमध्ये, तिथून दहा-दहा पट पातळ करत मॅकॉन्की आगर या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर ०.१ मिलिलिटर, ३७ अंशांवर २४ तास. इथे ई. कोलायसारखे, लॅक्टोज (दुधातली साखर) खाणारे जिवाणू गुलाबी दिसतात.

ब-१, वय सात दिवस: दहा लाख पट पातळ केलेल्या प्लेटवर ३१ गुलाबी ठिपके. म्हणजे ग्रॅमला ३१ कोटी.
चांदी, जुळलेली: हजार पट पातळ केलेल्या प्लेटवर २४. म्हणजे ग्रॅमला दोन लाख चाळीस हजार.

हजारपटीहून जास्त फरक. प्लेटा शेजारी ठेवून मी किती तरी वेळ बघत होते. दुधावरच्या पिल्लात हे जिवाणू भरपूर असतात आणि मोठेपणी मागे पडतात, हे मी वर्गात शिकवत आले आहे. पण ज्या करडाला काल पाठ खाजवून दिली त्याच्या पोटातले ३१ कोटी मोजणं वेगळं असतं.

२ मार्च, रविवार

दोन आठवडे वाया गेले, आणि चूक पूर्ण माझी.

शेळीच्या पोटातले खरे मालक ऑक्सिजन सोसत नाहीत. त्यांना हवाबंद वाढवावं लागतं. हाताशी मेणबत्तीचा जार होता, तोच वापरला. आत मेणबत्ती लावून झाकण घट्ट केलं की ज्योत विझते आणि वाटतं, ऑक्सिजन संपला. तो संपत नाही, बराच उरतो. जार फक्त कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवतो. चौदा दिवसांत प्लेटांवर आले ते सगळे ऑक्सिजनमध्येही वाढणारेच. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

आता गॅस-पॅकवाला ॲनारोबिक जार घेतला आहे. आत रेझाझुरिनची पट्टी ठेवायची. ती गुलाबी असेपर्यंत ऑक्सिजन आहे, पांढरी पडली की गेला. एका पाकिटाला २४० रुपये, म्हणून एका वेळी दहा प्लेटा भरल्याशिवाय जार लावत नाही.

याहून स्वस्त आणि मला याहून आवडलेली रीत म्हणजे गाळणकागदाची. रॉबर्ट हंगेट यांनी गेल्या शतकाच्या मध्याच्या आसपास बसवलेल्या नळ्यांच्या पद्धतीचं हे आमच्या लॅबला झेपेल असं रूप आहे. क्षार, सिस्टीन आणि रेझाझुरिनचं पाणी उकळायचं, कार्बन डायऑक्साइड सोडत थंड करायचं, रंग गेला की नळीत भरायचं, आत व्हॉटमनच्या गाळणकागदाची बोटभर पट्टी आणि वर ब्युटाइल रबरचं बूच. नमुना सिरिंजने बुचातून आत सोडायचा. नळीत दुसरं खाणं काहीच नाही. कागद खाणारे, म्हणजेच चाऱ्यातलं सेल्युलोज तोडणारे जिवाणू असले तर कागद विरघळेल.

८ मार्च, शनिवार

चांदीच्या नळीतली पट्टी सहाव्या दिवशी तुटली. आधी पाण्याच्या रेषेपाशी कागद पिवळट झाला, मग कडा झिजल्या, आणि आज नळी जरा हलवली तर कागदाचा खालचा भाग कापसासारखा पिंजून तळाशी बसला. ब-१ च्या सातव्या दिवसाच्या नमुन्याची पट्टी अजून इस्त्री केल्यासारखी कोरी.

दोघी विद्यार्थिनींनी मिळून नळ्या खिडकीत ओळीने लावल्या आहेत. येणारा-जाणारा थांबून बघतो. कुणाला सूक्ष्मजीवांबद्दल काही शिकवायचं असेल तर ही एक नळी खूप आहे.

१० मार्च, सोमवार

डीएनए काढून पहिले चार नमुने बाहेरच्या लॅबकडे १६एस वाचनासाठी, म्हणजे ज्या जीनवरून जिवाणू ओळखतात तो वाचून घ्यायला, पाठवले: एक दिवसाचं करडू, सात दिवसांचं करडू, चांदी, आणि नऊ वर्षांची म्हातारी शेळी. प्रत्येकी ५,५०० अधिक १८ टक्के कर, एकूण २५,९६०.

१७ मार्च, सोमवार

वाईट दिवस. शुक्रवारी धुळवड, पुढे शनिवार-रविवार. या तीन दिवसांत कधी तरी वीज गेली आणि परत आल्यावर फ्रीजर चालूच झाला नाही. आज दार उघडलं तर वास आला. फेब्रुवारीपासूनचे एकोणीस नमुने वितळून कोमट झाले होते. वितळलेल्या नमुन्यात काही जिवाणू वाढतात, काही फुटतात, मग त्यातून कोण किती होतं ते कळत नाही. सगळे फेकले. सात आणि एकवीस दिवसांचे नमुने पुन्हा कधीच मिळणार नाहीत, कारण करडं आता ३७ दिवसांची आहेत.

आजपासून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग. एक फ्रीजरमध्ये, दुसरा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, खोलीच्या तापमानाला. लक्षात ठेवायचं, ९५ टक्केच. हात पुसायला असतं ते ७० टक्क्यांचं यासाठी चालत नाही, त्यात डीएनए टिकत नाही.

२३ मार्च, रविवार

आज मुळातलाच विचार बदलला, म्हणून सविस्तर लिहिते.

गोठ्यात सबंध दिवस बसून राहिले आणि कोण काय खातं ते टिपलं. करडं दिवसा डालग्याखाली, आई आली की दूध, मधल्या वेळी मामी टांगते त्या शेवरी-सुबाभळीच्या डहाळ्या. आदत आणि जुळलेल्या शेळ्या डोंगरावर. म्हातारी मात्र चढण चढू शकत नाही. ती घरी असते आणि तिला वाशीच्या भाजी मार्केटातून मामाचा भाचेजावई आणतो ती कोबीची पानं आणि मक्याच्या कणसांची सालं मिळतात.

म्हणजे मी वय म्हणून जे मोजत होते ते खरं तर दूध, डोंगराचा पाला आणि कोबी होतं. चार वयांची चार जनावरं शेजारी ठेवून वयाबद्दल काही म्हणता येणार नाही. तेच करडू वाढताना बघायचं, आणि दर नमुन्यासोबत मागच्या तीन दिवसांचं खाणं लिहायचं, याला दुसरा इलाज नाही.

काल तांबू व्याली, एकच करडू. फ्रीजरमध्ये गेलेले सात दिवसांचे नमुने आता याच्याकडून भरून काढता येतील. यापुढे तीन करडं, शेवटपर्यंत.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी मामीचा फोन, ब-२ ला हगवण. सुट्टी टाकून गेले. करडू कोपऱ्यात पाठ कमानीसारखी वाकवून उभं, मागचे पाय भरलेले. दुधाकडून पाल्याकडे जाताना जिवाणूंची घडी विस्कटली असेल, हेच माझ्या डोक्यात होतं, कारण दोन महिने मी तेवढाच विचार करत होते.

सूक्ष्मदर्शक सोबत होता. मिठाचं संपृक्त पाणी केलं, त्यात नमुना ढवळून गाळला, काठोकाठ भरलेल्या छोट्या बाटलीवर काच ठेवली आणि वीस मिनिटांनी ती काच उचलून बघितली. काचेवर अंडाकृती, जाड कवचाच्या गोट्या खच्चून भरलेल्या. कॉक्सिडिया. जिवाणू नव्हेतच, आतड्याच्या पेशींत शिरणारा आदिजीव. तीन आठवड्यांपासून पाच महिन्यांपर्यंतच्या करडांना हाच छळतो आणि नेमका दूध कमी होण्याच्या काळात उचल खातो.

पशुवैद्य दुपारी आले, औषध सुरू झालं, मीठ-साखरेचं पाणी तासातासाला. डालग्याखालची ओली जमीन उकरून काढली, चुना मारला, करडांना उंच फळीवर घेतलं. गेल्या वर्षीची चार करडं कशाने गेली असतील, हे आता मामाला आणि मला दोघांनाही दिसतंय. तो काही बोलला नाही. फळ्या ठोकत राहिला.

ब-२ प्रकल्पातून बाहेर. औषधानंतरच्या त्याच्या जिवाणूंवरून वयाबद्दल काही सांगता येणार नाही. जगला तर तेवढं पुरे.

६ एप्रिल

ब-२ दूध पितोय. आज उडी मारली.

१६ एप्रिल, बुधवार

चार नमुन्यांचा निकाल आला. तीन आठवडे सांगितले होते, पाच लागले. आणि चारांपैकी एकाही निकालावर मला भर देता येत नाही.

एक दिवसाच्या करडात राल्स्टोनिया आणि ब्रॅडीऱ्हायझोबियम भरभरून. हे पाण्यामातीतले जिवाणू, आणि डीएनए काढायच्या रसायनांत त्यांचा अंश असतो हे ठाऊक आहे. स्वॅबवर करडाचा डीएनए इतका थोडा होता की किटमधलाच वाचला गेला. सोबत कोरा नमुना, म्हणजे करडाला न लावलेला स्वॅब, सगळ्या पायऱ्यांतून नेला असता तर हे लगेच ओळखता आलं असतं. तो मी पैसे वाचवायला वगळला होता.

चांदी आणि म्हातारी दोघींत बॅक्टेरॉइडीटीज (पातळ भिंतीच्या जिवाणूंचा गट) फार आणि फर्मिक्युटीज (जाड भिंतीच्यांचा गट) फार कमी. मोठ्या शेळीच्या लेंडीत फर्मिक्युटीजचं पारडं जड असायला हवं. कारण सापडलं. मी पेशी फोडायला फक्त रसायन आणि उष्णता वापरली होती. जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू त्याने फुटतच नाहीत, पातळ भिंतीचे फुटतात आणि यादीत तेच दिसतात. काचेचे बारीक मणी घालून नळी जोराने हादरवायला हवी होती. मणी आमच्या कपाटात होते.

२० एप्रिल, रविवार

आणखी एक धडा, आणि हा फक्त आपल्याकडच्या गोठ्यातच मिळेल. काल शेजारी हळद होती. रात्री उरलेल्या भाताचं पातेलं कुणीतरी प्रेमाने गोठ्यात ओतलं. सकाळी दोन जुळलेल्या शेळ्यांचं डावं पोट फुगलेलं, लेंड्यांऐवजी आंबूस वासाचा लगदा. पट्टीवर सामू ५.८. एवढा स्टार्च एकदम आला की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू काही तासांत उसळतात, पोट आंबतं आणि चारा तोडणारे मागे पडतात.

मामाने खाण्याचा सोडा पाण्यात घालून पाजला आणि दोघींना फिरवत राहिला. संध्याकाळी रवंथ सुरू झालं. आजचा नमुना घेतला आणि वहीत वेगळ्या पानावर लिहिला. एका रात्रीच्या भाताने या शेळ्यांची लेंडी जितकी बदलली, तितका फरक मला चांदी आणि म्हातारीतही दिसला नव्हता.

४ मे, रविवार

सुट्टी लागली. लेंडीत रुमेनमधले आदिजीव दिसत नाहीत (कॉक्सिडिया वेगळे, ते आतड्यातले). रुमेनमध्ये, म्हणजे शेळीच्या पहिल्या मोठ्या पोटात ते खच्चून असतात, पण पुढे सरकले की पचून जातात. ग्रुबी आणि डेलाफों यांनी १८४३ मध्ये ते पहिल्यांदा पाहिले. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते, आणि करडात ते कधी येतात तेही.

गेल्या रविवारी मटणवाल्या दादांकडून वजडी साफ करतानाचं पोटातलं पाणी पिशवीत घेतलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रिक्षा पाऊण तास अडकली. काचेखाली घेतलं तेव्हा सगळं निपचित. त्यांना थंडी आणि हवा दोन्ही मारतात. आज थर्मास आधी चाळीस अंशांच्या पाण्याने तापवला, पाणी ओतून देऊन तो पोटातल्या पाण्याने अगदी तोंडापर्यंत भरला, वर हवेला जागाच ठेवली नाही. काच बगलेत धरून गरम केली. दहाच्या भिंगाखाली सगळीकडे धावपळ. छोटे, गोलसर एन्टोडिनियम तुरुतुरु, आणि मधूनच लांबट, अंगभर केसांचे आयसोट्रिका शांतपणे वळणं घेत जाणारे. दोघी मुली आळीपाळीने बघत होत्या, मी बाजूला उभी.

९ मे, शुक्रवार

ब-१, नव्वद दिवस. दूध पंधरा दिवसांपूर्वी पूर्ण तुटलं, आता कळपाबरोबर डोंगरावर जाते.

करडाच्या पोटात नळी घालायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून रवंथाची वाट बघितली. दुपारी दोन वाजता जांभळाखाली ती पाय मुडपून बसली. डोळे अर्धे मिटलेले. मानेच्या डाव्या बाजूने एक गाठ वर सरकताना दिसली, गाल फुगला आणि जबडा आडवा फिरू लागला. सातवी-आठवी चावण होताना मामीने तोंड हलकेच धरलं, मी गालाच्या आतून स्वॅब फिरवला आणि तिथल्या तिथे गरम काचेवर टेकवला. हिरव्या तंतूंच्या मधून एक एन्टोडिनियम गेला. मग दुसरा. पाच मिनिटांत अकरा मोजले.

एकविसाव्या दिवशी याच करडाच्या तोंडात एकही दिसला नव्हता. हे आदिजीव हवेतून येत नाहीत, मोठ्या शेळीच्या लाळेतून, तिने उष्टावलेल्या पाल्यातून येतात. करडाला कळपापासून अगदी वेगळं वाढवलं तर ते येतच नाहीत. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "आमची आई मरतुकड्या करडाच्या तोंडात शेळीच्या रवंथाचा बोळा घालायची. आमी हसायचो." आजीला मी पाहिलेलं नाही. आज तिच्याशी बोलावंसं वाटलं.

बाकी आकडे: गुलाबी ठिपके साठाव्या दिवशी ग्रॅमला ५२ लाखांवर आले होते, आज चांदीच्या जवळपास. कागदाची पट्टी पंचेचाळिसाव्या दिवशी तीन नळ्यांपैकी एकीत तुटली होती, तीही सोळा दिवसांनी. साठाव्या दिवसाच्या नमुन्यात तिन्हींत तुटली.

२७ मे, मंगळवार

काल मुंबईत पाऊस दाखल झाल्याचं जाहीर झालं, आजवरचा सगळ्यांत लवकर. माझं वेळापत्रक १० जूननंतरचा पाऊस धरून होतं. उतारावर दोन दिवसांत कोवळी हिरवळ फुटली आणि सगळ्या कळपाच्या लेंड्या मऊ झाल्या. हा फरक वयाचा नाही, गवताचा. नमुने दहा दिवस थांबवले.

८ जून, रविवार

ब-१, १२० दिवस. कालच बकरी ईद झाली. दोन दाती गटातले माझे दोन्ही बोकड आधीच्या आठवड्यात गेले. मामाच्या वर्षाच्या कमाईचा तो मोठा भाग आहे, तेव्हा त्याला काही म्हणायचा प्रश्नच नाही. पण कळपात काम करणाऱ्याने सुरुवातीलाच विचारून घ्यावं, कोण कधी विकलं जाणार आहे, आणि शक्यतो माद्याच धराव्यात.

२३ जून, सोमवार

दुसरे आठ नमुने पाठवले. ब-१ चे ४५, ९० आणि १२० दिवस, तांबूच्या करडाचे ७, ४५ आणि ९० दिवस, आई म्हणून बांडी, आणि एक कोरा स्वॅब. कोऱ्या नमुन्याला ६,४९० रुपये द्यायला हात धजत नव्हता. दिले. सगळे मणी घालून, प्रत्येकी तीन वेळा हादरवून. पाल्यातल्या टॅनिनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पायरी) अडत होता, तो डीएनए दहापट पातळ केल्यावर चालला.

आजवरचा खर्च: वाचन ७७,८८०, डीएनए किट २६,५००, गॅस-पॅक ४,८००, माध्यमं ३,९००, हातमोजे-स्वॅब १,६५०, कोरडा बर्फ आणि कुरिअर २,२००, प्रवास २,९००. एकूण १,१९,८३०. कॉलेजच्या निधीतून ८०,००० मिळाले, उरलेले माझे. मणी आणि कोरा नमुना पहिल्या खेपेला वापरले असते तर २५,९६० वाचले असते.

३ ऑगस्ट, रविवार

निकाल आले. या वेळी विश्वास ठेवता येतो. कोऱ्या स्वॅबमध्ये किटमधलेच चार-पाच जिवाणू आहेत, ते बाकीच्यांतून वजा केले.

सात दिवस: बॅक्टेरॉइडीस, लॅक्टोबॅसिलस आणि एशेरिशिया, मोजके प्रकार. पंचेचाळीस दिवस: दुधावरचे कमी झालेले, रुमिनोकॉकससारख्या तंतू तोडणाऱ्यांच्या कुळांची सुरुवात, आणि दोन करडांत आपसात खूप फरक. नव्वद दिवस: प्रकार वाढलेले, आणि दोन्ही करडं एकमेकांच्या आणि बांडीच्या जवळ आलेली. नव्वद ते १२० मध्ये तसा थोडाच बदल. म्हणजे मोठी उलथापालथ पाल्याला तोंड लावल्यापासून दूध तुटेपर्यंतच्या सहा-सात आठवड्यांत झाली.

एक गोष्ट मात्र दोन दिवस मला फसवत होती. सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू) सात दिवसांच्या करडात शून्य, पंचेचाळीसला थोडे, नव्वदला त्याहून जास्त. वयाबरोबर सरळ चढत जाणारी रेघ. मी विद्यार्थिनींना फोनसुद्धा केला. मग त्या ओळी उघडून बघितल्या. ते पानांतलं हरितलवक होतं. हरितलवकाचा १६एस जीन जिवाणूंसारखाच असतो, त्यामुळे खाल्लेला पाला यादीत जिवाणू म्हणून येतो. हरितलवक आणि मायटोकाँड्रिया आधी गाळायचे आणि मगच टक्केवारी काढायची. गाळल्यावर ती रेघ गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

म्हातारीचं थोडं काम. तिचे पुढचे तीन दात पडलेत, उरलेले हलतात. लेंडी पाण्यात भिजवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून धुतली तर वर लांब, अर्धवट चावलेले तंतू राहिले. चांदीच्या लेंडीत असे जवळजवळ नाहीत. कागदाची पट्टी मात्र तिच्या नमुन्यातही सातव्या दिवशी तुटली. जिवाणू काम करताहेत, दात साथ देत नाहीत. मामीला सांगितलं, पाला बारीक कापून द्यायचा. ती आता विळीवर कापून देते.

१९ ऑक्टोबर, रविवार

पहाटे पाच चाळीसला मामाचा फोन: "बांडी बसली. येतेस तर ये." तिला २२ मेला बोकड दाखवला होता, आज बरोबर १५० दिवस. परवाच वसुबारसेला मामीने गाईबरोबर तिलाही हळदकुंकू लावलं होतं, ते कपाळावर अजून होतं.

फेब्रुवारीत मी दुसऱ्या दिवशी पोचले होते आणि आईचं काहीच घेतलं नव्हतं. करडाला पहिले जिवाणू कुठून मिळाले, हे त्यामुळे कळायचं कायमचं राहून गेलं. या वेळी यादी खिशात होती. बांडी विण्याआधी तिच्या सडांचा, तोंडाचा आणि लेंडीचा स्वॅब. सहा पन्नासला पहिलं करडू, पाठ. मामाने नाक पुसलं आणि चीक पाजायच्या आधी मला अर्धा मिनिट दिलं. तोंडाचा एक, मागचा एक. सात वाजता दुसरी पाठ, तिचेही दोन. एक कोरा स्वॅब गोठ्याच्या हवेत धरून. एकूण आठ नळ्या, सगळ्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, प्रत्येकीवर वेळ.

ब-१ आता आठ महिन्यांची आहे. ती डालग्याच्या फटीतून आत नाक घालून नव्या करडांना चाटत होती, तोंडात अर्धवट चावलेली शेवरी. मामी तिला हाकलणार होती. म्हटलं, राहू दे, चाटू दे. वहीत वेळ लिहिली: सात वाजून बावीस मिनिटं.

पुढचे नमुने २६ तारखेला, सातव्या दिवशी.